आईचं तांब्याचं पातेलं

लोणावळा, ९ जानेवारी १९६७

ति. हनुमंतदादास शालनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आवळ्याच्या सरबताची बाटली पोचली. आईच्या हिरड्यांतून अजून रक्त येतं, ती काही खात नाही, हे वाचलं. डॉक्टरांनी आवळा सांगितला, तू दिवाळीपासून रोज पाजतोस, मग गुण का नाही, हा तुझा वैताग खरा आहे.

साहेबांना विचारून आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटली तपासली. तिथल्या यंत्रात काचेच्या बारीक नळीतून पारा सरबतात थेंबाथेंबाने पडत असतो, वीज सोडली की कागदावर रेघ उमटते. आवळ्यातलं क जीवनसत्त्व असेल तर रेघेला पायरी येते. उभं राहून पाय भरून आले, तरी रेघ पुन्हा काढून पाहिली. ती पायरी नाहीच. भलत्याच जागी दुसरी आली, ती तांब्याची. दादा, सरबत कशात उकळता? आईला इतक्यात सांगू नकोस.

माया आहे तशी असू दे.
तुझी शालन

वराळे, १४ जानेवारी

चि. शालनला दादाचा जयभीम आन आशीर्वाद.

कशात म्हंजे? आईच्या पातेल्यात. दीक्षा घेऊन आल्यावर आबांनी घरात आनलेलं पयलं भांडं ते. कल्हई केलीवती, पन आई चिंच-राखेनं आतूनबी घासती, पार लाल दिसंस्तोवर. कल्हईवाला दमला, मीबी दमलो.

तू नको म्हनलीस तरी सांगून बसलो. आई म्हनली, माज्या पातेल्यातलं खाऊन तुमी दोगं वाढला, आता त्यातलं वंगाळ झालं व्हय? तवापासनं माज्याशी बोलत न्हाई. शेतातनं यायचं आन तिचं त्वांड बघत बसायचं. लय थकलोय बाय. काय करू ते लिव.

तुजा दादा

लोणावळा, १८ जानेवारी

ति. दादास सप्रेम जयभीम.

उकळूच नका. तांबं आणि आच लागली की आवळ्यातलं सत्त्व जातं. ताजा आवळा किसून फडक्यातून पीळ आणि काचेच्या पेल्यातून लगेच पाज. आईला म्हणावं, तुझ्या पातेल्यातलं खाऊनच शालन उभी राहिली. मी यायला हवं होतं. रजा मागायचंही त्राण उरत नाही.

रागावू नकोस, लोभ ठेव.
शालन

वराळे, १९ फेब्रुवारी

चि. शालनला जयभीम आन आशीर्वाद.

रक्त थांबलं. काल आईनं भाकरी कुस्करून खाल्ली. पातेलं फळीवर ठिवलंय, तरी रोज काढून घासती.

आज आपनहून बोलली. म्हनली, शालनला लिव, ती आली की तिच्या आंगुळीचं पानी त्यातच तापवीन, त्याला तरी तिचं मशीन न्हाई म्हननार न्हाई.

कवा येतीस?

तुजा दादा