फुंकर घालायचा इंग्रजी शब्द

मी, कोपऱ्यावरच्या दुकानातली शिलाईवाली, डोके ठिकाणावर असताना (डॉक्टरांचा दाखला सोबत आहे, जाऊबाईंनी तो नीट वाचावा) व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. याआधी असा कागद केलेला नाही.

कलम १. राहते घर व बँकेतील शिल्लक परदेशी असलेल्या माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावी.

कलम २. शिलाई मशीन माझ्याकडे काजे-बटणे करणाऱ्या बाईला. कापडाची मोठी कात्रीही तिलाच. जाऊबाईंनी ती एकदा कागद कापायला नेली. तेव्हा धार गेली ती गेलीच. त्यांना कात्रीला हात लावू देऊ नये.

कलम ३. जाडा इंग्रजी शब्दकोश क्लासच्या सरांचा, त्यांना परत द्यावा. नातीला मराठी येत नाही, म्हणून मी इंग्रजी शिकायला निघाले. दुकान दुपारीच बंद असते आणि दुपारी सरांची एकच तुकडी होती, परदेशी शिकायला जाणाऱ्यांची, अवघड शब्दांची. सर म्हणाले, "आजी, हे तुम्हाला जड जाईल." म्हटलं, "जड कोट रोज शिवते मी." पाठ व्हावेत म्हणून शब्द खडूने कापडावर लिहायची. एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या अस्तरात 'मॅग्नॅनिमस', म्हणजे उदार, तसाच राहून गेला. त्याने शिलाईत घासाघीस केलीच.

मग नात पडली, गुडघा फुटला. फोनवर रडत होती. मला म्हणायचे होते, ये गं माझ्या सोन्या, फुंकर घालते. तोंडून निघाले 'एक्सक्रूशिएटिंग', म्हणजे असह्य. तिने फोन बापाच्या हातात दिला. मुलगा म्हणाला, "आई, ती म्हणते, आजी बातम्यांसारखी बोलते." त्यानंतर ती फोनवर येत नाही. सगळा शब्दकोश चाळला. लेकराला जवळ घेताना काय म्हणतात, ते मला त्यात सापडले नाही. आता डॉक्टर वेळ कमी असल्याचे सांगतात. मी काय करू? खरेच काही सुचत नाही.

कलम ४. नातीला पिवळा फ्रॉक. माप अंदाजाने धरले आहे. शिवणीत कापड जास्त सोडले आहे, उसवून मोठा करता येईल. वकील म्हणतात, मुलाला अट घालता येते. एकच घालते. हे कलम तू तिला तिच्या भाषेत, पूर्ण सांग. दर वेळी मी भरभरून बोलायची आणि तू "आजी लव्ह यू म्हणते" एवढ्यावर उरकायचास. बाळा, मी एवढंच म्हणत नव्हते रे.

साक्षीदार : माझे डॉक्टर, खालच्या मजल्यावरचे औषधवाले. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.
ठिकाण : दुकानाची मागची खोली.
स्वाक्षरी : मराठीत केली आहे.
दिनांक : आज, नातीचा सातवा वाढदिवस. फोन अजून केलेला नाही.