वाटेवरचा गझिबो

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.१०
निर्णय झाला. मागच्या अंगणात गझिबो बांधायचा. साधा, लाकडी. चार खांब, वर उतरतं छप्पर, बाजूंना कठडे, आत एक बाक. सगळं स्वतःच्या हातांनी. मुदत चार रविवार.

ही बहिणीकडे गेली त्याला आज दोन आठवडे झाले. पंधरा दिवसांसाठी गेली आहे. जाताना म्हणाली, या घरात एक तरी काम पुरं झालेलं दाखवा मला. दाखवतो. बायको इतकं स्पष्ट बोलली की नवऱ्याला सोपं जातं.

मागे सावलीत बसायला जागा हवी, असंही ती म्हणाली होती. साधारण अकरा वर्षांपूर्वी. मी विसरलेलो नाही.

रात्री ८.००
तक्ता तयार केला. ऑफिसात इतरांच्या कामांचे प्रगती-तक्ते मीच करतो, त्यामुळे हात बसलेला आहे. नियोजन संपलं. प्रगती १५ टक्के.

४ फेब्रुवारी
ही आली नाही. फोन केला. आणखी थोडे दिवस राहते म्हणाली. मी म्हटलं, राहा की आरामात. गझिबोबद्दल बोललो नाही. सरप्राइज.

मग तिने विचारलं, तुम्हाला मला काही विचारायचं आहे का? मी विचार केला. चहाची गाळणी सापडत नव्हती, ती कुठे आहे ते विचारलं. वरच्या फळीवर आहे म्हणाली. होती.

८ फेब्रुवारी, शनिवार
वखारीत गेलो. वखारवाल्याने विचारलं, कशासाठी हवंय? गझिबो म्हटलं. म्हणजे शेडच ना, म्हणाला. शेड नाही. ड्रॉइंग मागितलं. तक्ता दाखवला. त्याने तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाला, साहेब, यात वार आहेत, मापं कुठायत? मापं जागेवर ठरतील असं सांगितलं. लाकूड दिलं. हसत दिलं, पण दिलं.

९ फेब्रुवारी, रविवार
जागा ठरली.

अंगणाला उतार आहे. डाव्या बाजूला पाण्याची टाकी, उजवीकडे भिंतीपर्यंतची अरुंद जमीन भुसभुशीत. सपाट जागा एकच. मागच्या दारापासून गल्लीतल्या फाटकापर्यंत फरशीची पट्टी आहे, ती. पाणसळ ठेवली तर बुडबुडा बरोबर मध्ये. इतकी तयार जागा आजवर कोणी वापरली कशी नाही, याचं नवल वाटलं.

भिंतीपलीकडून सुतारकाका बघत होते. चाळीस वर्षं सुतारकी करून आता रिकामे आहेत. म्हणाले, अहो, ही तर वाट आहे! मी म्हटलं, इथून कोण येतं-जातं आता? ते म्हणाले, अजून वय आहे तुमचं, माणसं येतील की. मी टेप गुंडाळली. रिकाम्या माणसाशी वाद घालू नये.

प्रगती ३० टक्के.

१३ फेब्रुवारी
अचानक साडू आला. हिचे गरम कपडे आणि शिलाईचं मशीन न्यायला. अगदी वेळेवर. मी खांब उभे करत होतो आणि धरायला कोणी नव्हतं. फरशीत लोखंडी बूट बसवले आहेत, त्यांत खांब उभा करून नटबोल्ट आवळायचे. साडू म्हणाला, साडूभाऊ, माझी पाठ धरलीय, मी फक्त मशीन न्यायला आलोय. चाळीस मिनिटं धरला त्याने. दोन खांब झाले.

जाताना म्हणाला, तुम्ही एकदा आमच्याकडे या. नुसतं या. मी म्हटलं, हे झालं की येतोच.

मशीन मागवलं म्हणजे तिकडे हिचा वेळ जात नाही. घराची आठवण येत असणार.

१६ फेब्रुवारी, रविवार
चारही खांब उभे. चौथा चार बोटं तोकडा निघाला. उपाय साधा. बाकीचे तीन कापले. मग दुसरा उंच वाटू लागला. तोही कापला. मग पहिला.

दुपारी तीनला सगळे सारखे झाले. उंची साडेपाच फूट. गझिबो बसायला असतो, उभं राहायला नसतो.

जेवण: पाव, दोन अंडी. काल तेच.

२० फेब्रुवारी
गझिबोवर काम नाही. ऑफिसात एका पुलाचा तक्ता करायचा होता. पूल सात महिने मागे आहे. त्यांच्या इंजिनिअरला मी सुनावलं की इच्छा असेल तर काम होतं. तो म्हणाला, सर, तुम्ही कधी काही बांधलंय? हो म्हटलं. ठामपणे म्हटलं. बरं वाटायला हवं होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
लेकीचा फोन. बाबा, आईशी बोललात का? बोललो म्हटलं, गाळणीबद्दल. ती गप्प. नेटवर्क असेल.

मग म्हणाली, आई तिथे एका वर्कशॉपमध्ये जाते, शाळेचे युनिफॉर्म शिवायला. महिना होत आला. तुम्हाला माहीत होतं का? मी म्हटलं, चांगलं आहे, हात चालते राहिले की माणूस प्रसन्न राहतो. ती म्हणाली, बाबा, तुम्ही जाऊन आणा ना तिला. एकदा जा आणि म्हणा, घरी चल. तेवढंच ऐकायला थांबली आहे ती.

मी सांगितलं की छप्पर बाकी आहे. आधी छप्पर. मोकळ्या हातांनी गेलो तर ती म्हणेल, हेही अर्धवट.

लेक म्हणाली, कसलं छप्पर? सांगितलं. ती पुन्हा गप्प. त्यांच्याकडचं नेटवर्क फारच वाईट आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार
मूळ मुदत आज संपली. मुदत वाढवली. तक्ता नव्याने काढला, हिरव्या शाईने.

२ मार्च, रविवार
कठडे. चारही बाजूंचे एका दिवसात. सुरेख झाले. शेवटचा कठडा आतून ठोकत होतो तेव्हा सुतारकाका भिंतीवर आले. थोडा वेळ पाहून म्हणाले, कोंबड्या आणताय का? नाही म्हटलं. मग तुम्हीच राहणार का आत? मग माझ्या लक्षात आलं.

त्यांना सांगितलं की चारही बाजू बंद असल्या की सांगाडा डुलत नाही. ते म्हणाले, डुलत नाही हे खरं, तुरुंगही डुलत नाही. मी हसलो नाही. दार ही नंतर करायची बाब आहे. तक्त्यात टाकली.

बाहेर येताना पँट फाटली. नडगीला खरचटलं. दुखलं नाही, म्हणजे फारसं लक्ष गेलं नाही.

प्रगती ८० टक्के.

५ मार्च, बुधवार
साडू पुन्हा आला. हातात टेप. सरळ आमच्या खोलीत गेला आणि हिचं कपाट मोजलं. हिच्या आईचं जुनं सागवानी कपाट. उंची, रुंदी, खोली. मग पुढचा बोळ मोजला, पुढचं दार मोजलं, मान हलवली. मग मागच्या दारात येऊन उभा राहिला. समोर दीड हातावर गझिबो. एका बाजूला टाकी, दुसऱ्या बाजूला भिंत. मी येता-जाता आडवा होऊन निघतो, सवय झाली आहे.

साडू म्हणाला, साडूभाऊ, हे कपाट आत आणलं कुठून होतं? मी म्हटलं, इथूनच, पुढच्या बोळात ते वळत नाही. तो हं म्हणाला. बराच वेळ गझिबोकडे बघत राहिला. मी त्याला खांब आणि तुळईचा जोड समजावला. त्याने ऐकून घेतलं. चहा नको म्हणाला.

त्याला लाकडाची गोडी लागलेली दिसते. माणूस पन्नाशीनंतरही बदलतो.

९ मार्च, रविवार
छपराचे वासे चढवले. आठांपैकी पाच. बाक ठेवला. दुपारी चारपासून आत बसून राहिलो. इथून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. ओट्यावर माझी कपबशी दिसत होती.

अंधार पडेपर्यंत बसलो. काही वाटतंय का ते पाहिलं. नाही. पुन्हा पाहिलं. नाही.

बाक थोडा डुगडुगतो. खाली पुठ्ठा घालायचा.

११ मार्च, मंगळवार
हिचा फोन आला. स्वतःहून. येत्या रविवारी सकाळी दहाला येते आहे. साडू असेल, टेम्पो असेल. वर्कशॉपजवळ दोन खोल्या घेतल्या आहेत. कपाट न्यायचं आहे. म्हणाली, तुम्हाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, रविवारी सगळ्यांसमोर नको.

मी म्हटलं, रविवारी ये तर खरी.

मुद्दे. एक, ती येते आहे, तारीख पक्की. दोन, तोवर छप्पर पूर्ण करायचं. तीन, गझिबो पाहिल्यावर दोन खोल्यांचा विषय आपोआप मागे पडेल. चार, कपाट मागच्या दारातून बाहेर निघूच शकत नाही. हे फोनवर बोललो नाही. गझिबो बोलेल.

तीन दिवसांची रजा टाकली.

१४ मार्च, शुक्रवार
वासे पूर्ण. फळ्या ठोकल्या. मधे एक फट राहिली आहे, हवा खेळायला चांगली. सुतारकाका न बोलावता शिडी घेऊन आले, दोन फळ्या ठोकून गेले. म्हणाले, रविवारी वहिनी येणार म्हणे? हो म्हटलं. काका म्हणाले, मग हे राहू द्या, दाढी करा.

१५ मार्च, शनिवार
झालं. छप्पर, कठडे, बाक. वार्निशचा पहिला हात दिला. दार सोडून सगळं झालं. दाढीही केली. ट्रेमध्ये दोन कप काढून ठेवले.

१६ मार्च, रविवार. रात्री ८.४०
दहाला पाच कमी असताना आली. बारीक झाली आहे. केस आखूड केले आहेत. मी म्हटलं, मागे चल.

तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खांबाला हात लावला, वार्निश ओलं होतं, हात चिकटला. मी फडकं दिलं. म्हणाली, आत कुठून जायचं? मी कठड्यावरून पाय टाकून दाखवला. तिने टाकला नाही. म्हणाली, कुणासाठी बांधलंत? मी म्हटलं, बसायला. ती थांबली. मग मी तिला सगळे खांब एका उंचीला कसे आणले ते सांगितलं. तिने पूर्ण ऐकलं.

मग कपाट. साडू, टेम्पोवाला आणि मी. मागच्या दारापर्यंत आणलं आणि तिथे अडलं. पुढे गझिबो. तिरकं केलं, आडवं केलं, उभं केलं. टेम्पोवाला म्हणाला, साहेब, हे घर आधी बांधलं की कपाट? साडू घाम पुसत खाली बसला. भिंतीवर सुतारकाका होते.

तेव्हा ही म्हणाली, राहू दे. कपाट इथेच राहू दे. आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. साडू म्हणाला, मग मशीनही परत आणू का? ती माझ्याकडेच बघत होती.

मी म्हटलं, थांबा, तासाभराचं काम आहे. पाना कुठे होता ते मला ठाऊक होतं.

सुतारकाका भिंतीवरून म्हणाले, अहो, राहू द्या ना ते! मी म्हटलं, काका, नटबोल्ट आहेत, सुटतात. आधी छपराच्या फळ्या, मग वासे, मग कठडे, मग खांब. प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर टाकला. साडूला धरायला सांगावं लागलं नाही. पावणेबारा वाजता फरशी मोकळी. पन्नास मिनिटं. एकही खिळा वाकला नाही.

कपाट सरळ गेलं. फाटकातूनही सरळ. कुठे ओरखडा नाही.

टेम्पोत चढण्याआधी ती म्हणाली, इतक्या वर्षांत तुम्हाला एखाद्या कामात असं जीव ओतताना पहिल्यांदाच पाहिलं. मी थँक्यू म्हटलं. साडूने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढला.

चहा राहिला. कप जागेवर ठेवले. लाकूड भिंतीला लावून ठेवलं आहे, नंबर बाहेरच्या बाजूला.

खोलीत कपाटाच्या जागी भिंतीचा रंग वेगळा आहे. इतर भिंतींपेक्षा बरा आहे.

मागचं फाटक उघडं राहिलं आहे. इथून दिसतं. उद्या लावतो.