बाकं उचलण्याची अट

मी, सुहासिनी शमुवेल शिरसाट, वय एक्क्याऐंशी, अविवाहित, धर्माने ख्रिस्ती, राहणार खडकी, पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांपैकी ज्यांना शंका असेल त्यांनी तो अवश्य वाचावा.

१. राहता फ्लॅट माझा भाचा पियुष याला द्यावा. विकण्याआधी त्याने तो निदान झाडून घ्यावा.

२. पत्र्याच्या ट्रंकेतली पुस्तकं. ख्रिस्ताचं दुःखसहन ओवीत सांगणारी, अभंगांत प्रार्थना करणारी, वाळवंटातल्या तपस्व्यांची वचनं मराठीत आणणारी ही जुनी पुस्तकं मी नारायण पेठेतल्या रद्दीवाल्याकडून एकेक करून आणली. तो एकदा म्हणाला, "बाई, आपण नक्की कोणत्या?" मी म्हटलं, "वाचणाऱ्या. भाव सांगा."

याच पुस्तकांवर मी कीर्तनं उभी केली. माझे वडील आमच्या देवळात ख्रिस्ती कीर्तन करत आणि लोक सतरंजीवर बसून ऐकत. ते गेल्यावर मी उभी राहिले, तेव्हा पंचांच्या पोटात दुखू लागलं. सेक्रेटरी श्यामराव लोंढे मला तोंडावर म्हणाले, "अहो बाई, हे देऊळ आहे, मठ नव्हे. शिवाय आता बाकं जमिनीला स्क्रूने बसवलीत. लोक बसणार कुठे, डोक्यावर?"

मी भांडले, हरले आणि आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दर शुक्रवारी कीर्तन सुरू केलं. स्कूटर बाजूला घेतल्या की छान ऐसपैस जागा होते. तिथे अगदी पुढे, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, श्यामरावांच्या पत्नी मंदाकिनीबाई बसत. घरी त्या भाजी आणायला जाते म्हणून सांगत. एका जुडीला दोन तास कसे लागतात, हे श्यामरावांनी कधी विचारलं नाही.

शेवटच्या आजारात मंदाकिनीबाईंनी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. वर म्हणाल्या, "मला दफनाला नेण्याआधी देवळात सुहासिनीचं कीर्तन झालं पाहिजे. लोक खाली बसले पाहिजेत. बाकांचं तुमचं तुम्ही बघा." त्या गेल्या त्या दिवशी श्यामराव स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन देवळात गुडघ्यांवर बसले. मी पुनरुत्थानाचं आख्यान लावलं. शेवटच्या ओवीला सगळी मंडळी टाळ्यांनी ताल धरत होती, पाळकसाहेबसुद्धा. मला रडू आलं, पण सूर सोडला नाही. तेव्हापासून दर शुभ शुक्रवारी कीर्तन देवळातच होतं.

ही ट्रंक श्यामरावांची सून सलोनी हिला द्यावी. ती माझ्याकडे कीर्तन शिकते. "मावशी, प्रॉमिस, एकपण ओवी स्किप नाही करणार," असं तिने कबूल केलं आहे. तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

३. मांजरी गावातला माझा प्लॉट. नव्या पंचांना कीर्तनाऐवजी बँड हवा आहे आणि ते माझे डोळे मिटायची वाट पाहताहेत. म्हणून प्लॉट मंडळीला देते, पण अट घालून. दर शुभ शुक्रवारी देवळातली बाकं उचलून, सतरंज्या घालून कीर्तन झालं पाहिजे. ज्या वर्षी ते होणार नाही, त्या वर्षी प्लॉट पियुषचा. पियुष आत्ताच बिल्डरांशी बोलतो आहे. तेव्हा कीर्तन चुकतंय का हे बघायला तो दर वर्षी जातीने हजर राहील. त्याला देवळात आणण्याचे बाकी सगळे उपाय माझे करून झाले होते.

४. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. तनुजा गायकवाड यांनी करावी.

५. माझ्या झांजा श्यामरावांना ठेवायच्या होत्या. पण तनुजा म्हणाली, आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या कायद्यात साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. झांजा तरी घ्या, नाहीतर सही तरी करा. श्यामराव म्हणाले, "आणा तो कागद इकडे." ज्या माणसाने मला देवळाबाहेर काढलं, त्याची सही मला या कागदावर हवीच होती. म्हणून झांजा मी त्यांना आजच हातात दिल्या. जिवंतपणी दिलेल्याला कायदा आड येत नाही.

माझ्या अंत्यविधीला सलोनी कीर्तन करील आणि श्यामराव झांजा वाजवतील. सकाळपासून ते माझ्या हॉलमध्ये बसून वाजवताहेत. ठेका अजून चुकतो. तो बसेपर्यंत मी कुठेही जात नाही.

ठिकाण: खडकी, पुणे
दिनांक: ४ एप्रिल २०२५

(सही) सुहासिनी शमुवेल शिरसाट

बाईंनी आमच्यासमक्ष सही केली, आम्ही त्यांच्यासमक्ष केली:
१. (सही) श्याम दानियेल लोंढे, निवृत्त सेक्रेटरी
२. (सही) अवनी पुष्कर साने, शेजारी