वेदीची कापडं

रविवार, २६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सकाळी सहाला उठलो. चहा मनीने केला. साडेसातच्या मिस्साला दोघे देवळात गेलो. एरवी रविवारी लाँड्री बंद असते, पण हॉटेलच्या साठ चादरी उद्या द्यायच्या आहेत म्हणून येऊन उघडली. बॉयलरची तोटी गळत होती, ती बदलली. दुपारी जेवलो. आता संध्याकाळ आहे. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, म्हणून पत्र.

आज पाचारणाचा रविवार होता. फादरांनी तरुण मुलांना सांगितले की धर्मगुरू किंवा सिस्टर होण्याचा विचार कधी मनात आला असेल तर घाबरू नका. विचार करायला कुणाची परवानगी लागत नाही. मग म्हणाले की ज्यांना वाटत असेल त्यांनी जागेवर उभे राहावे, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू. दरवर्षी असे म्हणतात आणि दरवर्षी कुणी उठत नाही. बेकरीवाल्याच्या मुलाला त्याच्या मित्रांनी ढकलले, तो लाजून परत बसला. तेवढ्यात माझ्या शेजारी मनी उठली. मला वाटले हिला खोकला आला आणि बाहेर जायचे आहे. मी पाय आखडून तिला वाट करून दिली. ती गेली नाही. तिथेच उभी राहिली. सगळे देऊळ आमच्याकडे बघत होते आणि मी पाय आखडून बसलेला.

 घरी आल्यावर ती म्हणाली की मी तुम्हाला सांगणारच होते.

डिसेंबरात तिची आई गेली. चार महिने ही पोर रोज दवाखान्यातल्या नोकरीवरून येते, स्वयंपाक करते आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत जेवते. अशा वेळी माणसाला काहीही सुचते. तू सत्तेचाळीस वर्षे त्याच वाटेवर आहेस. तिला तुझे ऐकायची सवय आहे. तू तिला लिही की हे दुःख आहे, पाचारण नव्हे. एवढे माझे काम कर.

घरात आता दोनच माणसे आहेत, हेही मी विचारात घेतले आहे. ते लपवत नाही.

तब्येतीला जप. लोभ आहे तो असू दे.

तुझा,
बारक्या

&nbsp;

३ मे

चि. बारक्यास,
अ. आ.

तुझं पत्र मिळालं. तू पाय आखडून बसलास हे वाचून मला हसू आलं, रागावू नकोस. अठ्ठावन्न वर्षांचा झालास तरी तुझी सवय तीच. लहानपणी आई मारायला उठली की तू बाजूला सरकून तिला वाट करून द्यायचास आणि मार मला बसायचा.

आता कामाचं. तू सांगितलंस तसं पत्र मी मनीला लिहू शकत नाही, कारण ते खोटं होईल. दुःखातून आमच्याकडे येणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्यात. त्यांना आम्हीच समजावून घरी धाडतो. पण मनीचं हे डिसेंबरातलं नाही. तिनं मला पहिल्यांदा लिहिलं त्याला तीन वर्षं झाली. तुझ्या बायकोला ते माहीत होतं. तिनंच मला कळवलं की ताई, तुम्ही यांना काही बोलू नका, मी बरी वेळ बघून सांगते. मग आजारपण आलं आणि बरी वेळ आलीच नाही. मी गप्प बसले ती चूक माझी. ती माझ्याच खात्यावर ठेव, पोरीच्या नको.

मी तिला ओढत नाही. हे आयुष्य चांगलं आहे का, असं विचारशील तर हो. कंटाळा येतो, वरिष्ठांचा राग येतो, सकाळच्या प्रार्थनेत डुलकी येते. कालच मी डुलले आणि शेजारच्या सिस्टरनं कोपर मारलं. पण आमच्या वृद्धाश्रमातल्या एका आजोबांना मी सहा वर्षं भरवतेय. ते मला रोज विचारतात की तू कोण. रोज सांगताना मला वाईट वाटत नाही. पाचारण म्हणजे काही आभाळातून हाक येत नाही, बाबा. एखादं काम आपल्याला सोडवत नाही, एवढंच असतं ते. पहिली काही वर्षं दोन्ही बाजूंनी पारखायची असतात. नाही जमलं तर पोरी घरी परत येतात, त्यात कुणाचं नाक कापलं जात नाही.

मठाला घरच्यांचं एक पत्र लागतं, जूनच्या मध्यापर्यंत. मनी सज्ञान आहे, तुझ्या पत्राशिवायही अडणार नाही. पण तिनं मला स्पष्ट लिहिलंय की बाबा मनापासून हो म्हणाले तरच जाईन. तेव्हा तुझ्या हातात आहे, आणि मी काही सांगणार नाही. आपले बाबा मला नाही म्हणाले होते आणि मी तरीही निघून आले. सहा वर्षं त्यांनी मला ओळ लिहिली नाही. आई सांगायची आणि तू लिहायचास, ते तुला आठवत असेल. मला नकार चालला. ते मुकेपण फार जड गेलं.

वेळेवर जेव. तुझ्यावरची माया काही कमी झालेली नाही.

तुझी,
ताई

&nbsp;

१० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचले.

तुम्हा तिघींना तीन वर्षे माहीत होते. मी त्याच घरात होतो. रोज रात्री त्याच टेबलावर जेवत होतो. शेवटच्या महिन्यात दवाखान्यात मनीच्या आईच्या उशाशी बसून होतो, तेव्हाही ती बोलली नाही.

मी पत्र लिहिणार नाही. मनीला मी काही म्हटलेले नाही. नवीन तोटीही गळते आहे.

बारक्या

&nbsp;

सोमवार, १ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं पण उत्तराला उशीर झाला, कारण मला आठवडाभर ताप होता. आता उतरलाय. काळजी करू नकोस.

बाबा रागावले नाहीत, हीच अडचण आहे. माझ्या बुटांना पॉलिश करून ठेवतात, डब्यावर झाकण नीट बसलंय का बघतात, फक्त बोलत नाहीत. पंधरा तारखेला मी त्यांना सांगितलं की या वर्षी मी जात नाही, विषय संपला. ते बरं म्हणाले आणि कामाला लागले. मला वाटलं होतं की सांगून मोकळं वाटेल. नाही वाटलं.

पण काल देवळात एक गंमत झाली, ती तुला सांगायलाच हवी. तुला माहीतच आहे, आई दर शनिवारी देवळातली वेदीची कापडं घरी आणून धुवायची. ती गेल्यापासून मी धुते. बाबांनी लाँड्रीत धुऊ का असं आईला कितीदा विचारलं, पण तिनं त्यांना हात लावू दिला नाही. या शनिवारी मला ताप, म्हणून त्यांनी न विचारता गाठोडं उचललं आणि दुकानात नेलं. नीळ, भरपूर खळ, कडक इस्त्री. प्याला पुसायच्या रुमालांनासुद्धा! रविवारी फादर प्याला पुसायला गेले तर रुमाल पुठ्ठ्यासारखा ताठ. पाणी टिपेचना, वर मांडलेला रुमाल तसाच उभा. शेवटी त्यांनी कपाटातला जुना मागवला. मिस्सानंतर बाबांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले की अहो, तुमची खळ मला दोन चमचे द्या, माझे गुडघे हल्ली फार वाकतात. लोक हसले. बाबांचे कान लाल झाले. तीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि पहिल्यांदा ठेवलं ते देवळात.

घरी येऊन त्यांनी मला विचारलं की ती कशी धुवायची. महिन्याभरातलं त्यांचं पहिलं लांब वाक्य. मी अंथरुणातून उठून दाखवलं. आधी पांढऱ्या घमेल्यात नुसत्या पाण्यात भिजवायची, साबण नाही. त्यावर पवित्र भाकरीचा कण किंवा द्राक्षारसाचा थेंब राहिला असेल, म्हणून ते पहिलं पाणी मोरीत सोडायचं नाही, मातीत ओतायचं. मग साबण. रुमालांना खळ कधीच नाही, ते मऊ राहायला हवेत. बाबा म्हणाले की म्हणजे दारातली कुंडी शनिवारी दोनदा ओली दिसायची ती यामुळे. त्यांना वाटायचं की आई पाणी घातल्याचं विसरते. एकदा तर ते तिला विसराळू म्हणाले होते आणि ती नुसती हसली होती.

मग रुमाल पिळता पिळता त्यांनी विचारलं की तुझ्या आईनं मला का सांगितलं नाही. कापडांबद्दल नव्हे, माझ्याबद्दल. मी खरं ते सांगितलं. आई म्हणायची की तुझे बाबा नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. पण ते हो म्हणतील, आणि मग तोंडातून अक्षर न काढता इस्त्री करत बसतील, ते मला बघवणार नाही.

 दुपारी बाबा बंद दुकानात जाऊन बसले. मी सांगायला नको होतं का, आत्या?

तुझा लोभ मला लागतो, तो कमी करू नकोस.

तुझी,
मनी

&nbsp;

शनिवार, ४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मनी सकाळी साडेआठच्या बसने गेली. ट्रंक मी टपावर चढवली. ड्रायव्हरने आत काय दगड भरलेत का असे विचारले. पुस्तके होती. बस वेळेवर सुटली. तिथून दुकानात गेलो, दुपारपर्यंत काम केले आणि घरी आलो.

मठाला पत्र मी तेरा जूनला पाठवले. तुला कळवले नाही, कारण ते लिहायला मला चार दिवस लागले आणि नंतर कागद समोर नकोसा झाला. मोठे काही लिहिले नाही. लिहिले की मुलगी कामाला चोख आहे, आजाऱ्याला कंटाळत नाही, सकाळी लवकर उठते पण उठल्यावर अर्धा तास तिच्याशी बोलू नये. खळ कुठे घालायची आणि कुठे नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. शेवटी लिहिले की ती माझ्या संमतीने येत आहे, आणि तिला परत यावेसे वाटले तर कुणीही तिला त्याची लाज वाटू देऊ नये.

पत्र टाकण्याआधी ते मनीला वाचायला दिले. तिने विचारले की बाबा, हे मनापासून आहे का. त्यावर मी बोललो. मला वाईट वाटते आहे आणि तरीही तू जा, दोन्ही खरे आहे, असे सांगितले. एवढेच. तिच्या आईने तीन वर्षे याच वाक्याची वाट पाहिली असावी. मी तिला कधी बोलायची सवय लावली नाही आणि मग ती बोलली नाही म्हणून तुझ्यावर रागावलो. मागच्या पत्रात मी लोभाचेही लिहिले नव्हते. ते मनावर घेऊ नकोस.

आपले बाबा तुझ्याशी सहा वर्षे का बोलले नाहीत, हे मला आता थोडे समजते. त्यांचे बरोबर होते असे म्हणत नाही. मनीला दर रविवारी पत्र लिहायचे मी ठरवले आहे. लिहायला काही नसले तर चादरी मोजून कळवीन.

फादर काल दुकानात आले होते. वेदीची कापडे आता दुसऱ्या कुणाकडे देऊ का, असे विचारत होते. मी म्हणालो की गावभरची धुतो, ही काय जड होतात. त्यांनी खळीबद्दल नुसते माझ्याकडे बघितले. मी म्हणालो की शिकलो.

तोटी शेवटी नीट बसली. इकडची काळजी नसावी. मनीचा मठ तुझ्यापासून दोन तासांवर आहे, जमेल तेव्हा बघून ये. तुझा लोभ होता म्हणूनच इथवर आलो, पुढेही तेवढाच लागेल.

तुझा,
बारक्या

ता. क. पाकीट बंद करण्याआधी उठून पहिले पाणी कुंडीत ओतून आलो. आता साबण लावतो.