अठरा, सत्तावीस, छत्तीस

प्रिय ताई,

पत्र बघून आधी घाबरशील, मग हसशील. दहा मिनिटांच्या अंतरावर राहणारा भाऊ पत्र कशाला लिहितो म्हणशील. घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. जेवणाची सुट्टी झालीय, बाकीचे डबे घेऊन बाहेर गेलेत आणि मी आमच्या वजनमाप कचेरीतल्या वजनांच्या खोलीत दार लावून बसलोय. ही खोली तू पाहिलीयस. दोन-दोन दारं, बारा महिने एकच तापमान, आणि काचेच्या पेटीत ठेवलेली ती चकचकीत वजनं, ज्यांना उघड्या हाताने शिवायचंसुद्धा नाही. इथे माणसाचं मन शांत व्हायला हवं. माझं होत नाहीये. दोन कागद फाडून झाले, हा तिसरा. मघाशी उठून उगाचच एक तराजू पुसून आलो. तो स्वच्छच होता.

तू दीडशे किलोमीटरच्या सायकल राइडमधून नाव मागे घेतलंस हे मला तुझ्या गटातल्या त्या दंतवैद्य बाईंकडून कळलं. दाढ दाखवायला गेलो होतो. तोंडात आरसा घालून त्या म्हणाल्या, "तुमच्या ताईंचा गुडघा दुखतोय म्हणे, काळजी घ्या त्यांची." मला बोलता येत नव्हतं, नाहीतर तिथेच म्हणालो असतो की गुडघा माझा दुखतो, हिचा कधी दुखला? चाळीस वर्षं शिलाई मशीन पायाने चालवलेल्या बाईचे गुडघे म्हणजे बिजागऱ्या आहेत नुसत्या. परवा रविवारी तुझ्याकडे आलो तो हेच विचारायला. पण तू दार उघडलंस, चहा टाकलास, माझ्या शर्टाचं सैल बटण बघून सुई-दोरा घेऊन बसलीस, आणि मी तासभर तुझ्या सायकलच्या साखळीला तेल घालत राहिलो. गुडघ्याबद्दल विचारलं, तर म्हणालीस, "वय झालं रे आता." तू 'वय झालं' म्हणालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. घरी आलो, जेवण गेलं नाही. तुझ्या वहिनीने विचारलं, तर दाढेवर ढकललं.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणजे, येण्याचा प्रयत्न करतो.

दाजी गेल्यावरचं ते दीड वर्ष आठव. तू शिवणाचा वर्ग बंद केलास, मशीनवर चादर टाकलीस आणि खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसलीस. रडत नव्हतीस, तेच जड जात होतं. मी माझं पोट कमी व्हावं म्हणून घेतलेली सायकल, जी मी आठवडाभर चालवून भिंतीला टेकवली होती, ती तुझ्या दारात आणून उभी केली. तू म्हणालीस, "पावशेर, या वयात मी आता शाळकरी पोरीसारखी सायकल चालवू?" पण चालवलीस. लहानपणी वडिलांची मोठी सायकल दांड्याखालून पाय घालून चालवायचीस, ती सवय पायांत होतीच. मग तुला वेग कळावा म्हणून मी खणातला एक जुना मीटर बसवून दिला. त्याचं एक बटण बसलेलं होतं, त्यामुळे तो अंतर दाखवायचा नाही, फक्त वेग दाखवायचा. फुकटचा होता, म्हणून मला वाटलं, चालेल.

महिना झाला तरी आकडा तेरावरून हलेना. तू रोज परत येऊन पायरीवर बसायचीस आणि सांगायचीस, "तेरा." जसा काही निकाल वाचून दाखवतेयस. एके दिवशी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "घेऊन जा तुझं खेळणं. माझ्याच्याने काही होत नाही आता." आणि सरळ त्या खुर्चीकडे गेलीस.

ताई, त्या संध्याकाळी मी बॅटरी बदलतो म्हणून मीटर घरी नेला. बॅटरी चांगली होती. या मीटरचं काम साधं असतं. चाक एकदा फिरलं की आपण किती पुढे गेलो, हे त्याला आपणच सांगून ठेवायचं. तुझ्या चाकाचा घेर दोनशे दहा सेंटिमीटर आहे. मी दोनशे एकतीस भरला. म्हणजे चाक फिरणार तेवढंच, पण मीटर दर फेऱ्याला एकवीस सेंटिमीटर जास्त धरणार. दहाला अकरा. आयुष्यभर लोकांचे तराजू तपासून, चुकीच्या काट्यांना सील ठोकणाऱ्या माणसाने सख्ख्या बहिणीच्या सायकलवर खोटा काटा बसवला. हे वाक्य लिहिण्यासाठीच मघाचे ते दोन कागद फाडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा तुझा फोन आला. "पावशेर, चौदा! चौदाच्याही वर!" तुझा तो आवाज मी दीड वर्षात ऐकला नव्हता. साबण तसाच गालावर वाळला. मी ठरवलं, आठ-दहा दिवस जाऊ देत, हिच्या अंगात जोर आला की गुपचूप दुरुस्त करू. पण तुझ्या अंगात खरंच जोर आला आणि तिथेच माझी पंचाईत झाली. सोळा झाले, अठरा झाले, वर्षाने वीस. मी दुरुस्त केला, तर एका रात्रीत वीसचे अठरा होणार, आणि तू पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार, ही भीती. आज करू, उद्या करू, असं करता करता तू त्या गटात जायला लागलीस.

गटात गेल्यावर तू लांबच्या राइडचं शास्त्र शिकलीस आणि आम्हाला जेवताना ऐकवायला लागलीस. पहिल्या तासात पाय हलके वाटतात, तेव्हा त्यांचं ऐकायचं नाही. पहिला तास इतका हळू जायचा, की लाज वाटली पाहिजे. भूक लागायच्या आधी खायचं. कोणी पुढे गेलं, तर जाऊ द्यायचं, ते चाळीस किलोमीटरनंतर झाडाखाली बसलेले भेटतात. आणि वेग बरोबर आहे का हे ओळखायचं, तर बोलून बघायचं. वाक्य पुरं झालं तर बरोबर, मध्येच श्वास घ्यावा लागला तर जास्त. तुझी वहिनी म्हणाली, "मग ताईंना मीटर कशाला हवा, त्या तर अखंड बोलतात!" तू किती हसली होतीस. पण त्याच दिवशी तू हेही सांगितलंस, की दंतवैद्य बाईंनी तुला मीटरवर चिकटपट्टी लावायला सांगितली, श्वासावर चालवा म्हणाल्या, आणि तू नकार दिलास. तू त्यांना म्हणालीस, "माझ्या भावाने बसवलाय. तो मापात चुकत नाही." मी तेव्हा पाणी आणायला म्हणून उठलो, ते परत येऊन बसलोच नाही. तुझ्या लक्षात आलं नसेल.

पुढे काय होणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. घराजवळचा तुझा रस्ता किती किलोमीटरचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गटाच्या वाटा मात्र मोजलेल्या, म्हणजे किती वेळ लागायला हवा, हे वेगावरून काढता येणार. नव्वद किलोमीटर करून आलीस, त्या दिवशी मी तिथेच होतो. तू दोनदा विचारलंस, "आपण मध्ये कुठे जास्त थांबलो का गं?" बायका म्हणाल्या, नाही. तू घड्याळ कानाला लावून बघितलंस. मला वाटलं, थकलीय. मी तुझी बाटली भरून दिली आणि घरी निघून आलो. इतका मी शहाणा.

काल तुझी सून इथे आली होती. कामाच्या जागी ती कधी येत नाही. बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसली होती. "मामा, आईंना सांगू नका मी आले होते म्हणून." मी शब्द दिला आणि आता तो मोडतोय, तिला रागावू नकोस. ती म्हणाली, "आई गॅस बंद केला का म्हणून चार-चारदा येऊन बघतात. घड्याळासमोर उभ्या राहतात. आणि पुढच्या सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, एकटीच जाणार म्हणतात." मग तिने तुझ्या वहीच्या पानाचा फोटो दाखवला. तुझं ते सुरेख अक्षर. साठ किलोमीटर, वीसच्या वेगाने, विश्रांती वजा करून तीन तास हवेत, अठरा मिनिटं जास्त लागली, कुठे गेली आठवत नाही. नव्वद किलोमीटर, सत्तावीस मिनिटं. एकशेवीस किलोमीटर, छत्तीस मिनिटं. आणि खाली एकच ओळ: 'वाढत चाललंय. आईचंही असंच सुरू झालं होतं.'

ताई, आईचं शेवटचं दुखणं मी लांबून पाहिलं, तू चार वर्षं हाताने काढलंस. फाटक लावायला गेलेली आई तासभर तिथेच उभी असायची आणि म्हणायची, आत्ताच तर आले. ते तुझ्या डोळ्यांपुढे असणार, आणि तू कुणाला न सांगता, गुडघ्याचं निमित्त करून, एकटी त्याच वाटेवर निघालीस. आता माझं ऐक, आणि विश्वास बसला नाही तर तुझी पट्टी घेऊन चाकाचा घेर स्वतः मोज. साठला अठरा, नव्वदला सत्तावीस, एकशेवीसला छत्तीस. विसरणारं माणूस असं पाढ्यात विसरत नाही गं. दर दहा किलोमीटरला बरोबर तीन मिनिटं, ही माझी एकवीस सेंटिमीटर आहेत. तुमच्या गटाचा तो कालव्याकाठचा सपाट रस्ता आणि काटा वीसवर धरून बसणारी तू, म्हणून हिशेब इतका सरळ आला. तू एक मिनिटही कुठे हरवलं नाहीस. तुझा वेग वीस नव्हता, अठराच्या थोडा वर होता, आणि तो तू इतका सारखा राखलास, की आमच्या खोलीतल्या यंत्रांनी मान खाली घालावी. डॉक्टरांकडे जायचंच असेल, तर जा, मी सोबत येतो आणि त्यांनाही हेच सांगतो. पण राइडचं नाव आजच परत घाल. मी तीनदा हिशेब केलाय. दीडशे किलोमीटरला तुझ्या खऱ्या वेगाने सव्वाआठ तास, थांबे मिळून सव्वा तास, मर्यादा दहा तासांची. अर्धा तास हातात राहतो. पहिला तास लाज वाटेल इतकी हळू जा. माझ्याशी बोलायचं नसेल, तर बोलू नकोस, तेवढं मी कमावलंय. पण आज चार वाजता तुझी सून हे पत्र घेऊन घरी येईल, तेव्हा आधी एकदा शांत बस आणि हे नीट मनात घे: तुझं डोकं ठिकाणावर आहे. माझंच नव्हतं.

तुझाच,
पावशेर