खोटं क्षितिज

९ मार्च

माफ कर डायरी, पाच महिने तुला हात लावला नाही. आणि उघडली ती थेट पान फाडायलाच! ते पान अजून सील केलेल्या कॉकपिटमध्ये आहे, माझ्या क्षितिजावर चिकटवलेलं.

नीट लिहितो. परवा ढगात शिरलो. बाहेर नुसता कापूस. अशा वेळी विमान सरळ आहे की कलतंय, हे फक्त क्षितिजाचं यंत्र सांगतं. त्यात रेडिओ मुका झाला. मग सहवैमानिक म्हणाली, "सर, तुमचं क्षितिज अडकलंय. आपण कलतोय. माझं बघा."

मी म्हणालो, "गप्प बस! बावीस वर्षं उडवतोय मी."

तिसऱ्यांदा ती ओरडली, "सर, बघा ना!" तेव्हा बघितलं. विमान तिच्या हाती दिलं. बंद यंत्र झाकायचं असतं, नाहीतर डोळा सवयीने तिकडेच जातो आणि विश्वास ठेवतो. हाताला लागलीस तू; पान फाडून चिकटवलं. आठ मिनिटांनी ढगाखाली आलो. टॉवरने हिरवा दिवा दाखवला, उतरलो.

१० मार्च

अहवालात लिहिलं – 'बिघाड तत्काळ माझ्या लक्षात आला. सहवैमानिक गोंधळली.' पहिलं वाक्य स्वतःला वाचवायला; आमच्या लहान विमानात आवाज टिपणारा ब्लॅक बॉक्स नाही. दुसरं कशाला? कोणी विचारलंही नव्हतं!

१२ मार्च

चौकशी होईपर्यंत दोघंही जमिनीवर, उड्डाण बंद. खिडकीपासून दारापर्यंत अकरा पावलं. बायको म्हणाली, "बस की जरा! फरशी झिजेल." सांगावंसं वाटलं. तोंड उघडलं – आणि पाणी मागितलं.

१५ मार्च

तिची कॅप्टनची बढती रोखली. फोन आला तिचा. "सर, मी खरंच गोंधळले होते का?" टोमणा नव्हता. खरोखर विचारत होती! मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

१६ मार्च

डोक्यात माझं तेच वाक्य. दिवसभर.

१७ मार्च

मेकॅनिक भेटला. हसत होता. "रेडिओ ठणठणीत आहे साहेब! तुमचं बोलायचं बटण दाबलेलंच अडकलं होतं. ते दाबलेलं असलं की आपलं जगाला ऐकू जातं, जगाचं आपल्याला नाही."

म्हणजे आठ मिनिटं टॉवरने सगळं ऐकलं. 'गप्प बस'सुद्धा. टेपवर आहे. सोमवारी चौकशीत लावणार.

आता कबूल केलं तर ती कबुली कसली? सापडणंच ते. तरीही –

उद्या, टेप लागायच्या आधी: तिला फोन करून सांगणे, तू गोंधळली नव्हतीस.