बूट सापडले, माणूसही सापडला

कानाझावाजवळ, जपान
रविवार, सकाळी

ती. बनुआत्याच्या पायांवर वीरधवलचा डोकं टेकून नमस्कार. (डोकं धडावर आहे आणि धडात जीव आहे, हे आधीच सांगून टाकतो.) तुझा गुडघा कसा आहे? नानासो मामांचं ब्लडप्रेशर खाली आलं का? म्हैस व्याली असेल. रेडी झाली असू दे. मी खुशाल. पत्रास कारण की, व्हिडिओ कॉलवर मी तुझ्यासमोर हललो, बोललो, तू सांगितलंस म्हणून जीभही काढून दाखवली, तरी हल्ली मेलेल्या माणसालाही मोबाइलात बोलतं करतात असं कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय. माझ्या हातचं पत्र येईपर्यंत तू चहा सोडलायस, असं तुझ्या सुनेनं, क्रांतीनं कळवलं. तू चहा सोडलास की बाकीच्यांवर घर सोडायची वेळ येते, हे मला ठाऊक आहे. म्हणून झालं ते सगळं लिहितो. शिवाय 'पुरे झालं जपान, पहिल्या इमानानं माघारी ये' हा तुझा हुकूमही मागे घ्यायला लावायचा आहे. अजून दोन वर्षांचा करार आहे, आत्या.

गेल्या रविवारी कारखान्याला सुट्टी होती. मी, मेढ्याचा सिद्धू आणि सांगलीच्या विश्रामबागचा मुकुल असे तिघं कानाझावा शहर बघायला गेलो. शहर देखणं. एक मोठी बाग आहे, तिथे म्हाताऱ्या झाडांच्या फांद्यांना खालून लाकडी टेकू लावलेत. (आपण डाळिंब फळांनी वाकलं की काठ्या लावतो, इथे फळाचा पत्ता नसताना एवढी बडदास्त.) बाजारात सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम मिळतं. मुकुलनं त्याचा फोटो घरी पाठवला, तर त्याच्या आईनं कळवलं, खाऊ नकोस, घेऊन ये. तोवर ते वितळून त्याच्या कोपरापर्यंत आलं होतं. मग आम्ही नदीवर गेलो, आणि इथून माझे ग्रह फिरले.

आत्या, मी वडूजचा, दुष्काळी मुलखातला माणूस. भर उन्हाळ्यात वाहणारी नदी दिसली की मला राहवत नाही. आणि नदीच्या पाया पडायचं तर पायात बूट ठेवून कसं पडणार? काढले. आमच्या वसतिगृहाच्या बाईंनी अकरा महिने शिकवलंय की बूट काढले की जोडीनं, सरळ रेषेत, चवडे बाहेरच्या बाजूला. तसेच काठावर लावले. खिशात तुझ्या सामानाची यादी होती, ती भिजेल म्हणून बुटावर ठेवली आणि वर एक दगड ठेवला. सिद्धूनं बूट हातातच घेतले (नवीन होते, आणि माणूस साताऱ्याच्या देवळांबाहेर पोळलेला). मुकुल पाण्यात आलाच नाही. सांगलीचा माणूस नदी बघितली की आधी पुराचं पाणी कुठवर येत असेल ते बघतो. मी पाणी डोळ्यांना लावलं, आणि गार पाण्यातून, गवतातून चालत आम्ही बरेच खाली गेलो. तासभर बसलो. घरच्या गप्पा निघाल्यावर वेळ कुठला कळतोय!

मला हे कुणी सांगितलं नव्हतं, की या देशात पाण्याच्या काठावर कुणी बूट नीट जोडून ठेवले आणि वर चिठ्ठी ठेवली, तर त्याचा अर्थ एकच होतो. एका आजीबाईंनी ते पाहिलं आणि पोलिसांना बोलावलं. पोलिसांनी मोबाइलवर तुझ्या यादीचं भाषांतर केलं. यादी मी फोनवर तुझ्याच शब्दांत उतरवून घेतली होती. नेलकटर दोन, पैकी एक धोंडुबाईला. गुडघ्याचा पट्टा. छत्री. आणि शेवटी तुझं वाक्य: 'एवढं झालं की मग माझं काही मागणं नाही.' वाचून तो पोलीस गहिवरला म्हणतात. खाली तुझा नंबर होता. त्यांनी कुठून तरी हिंदी बोलणारा माणूस गाठून तुम्हाला फोन लावला, आणि त्या शहाण्यानं मामांना सांगितलं, 'जूते मिल गए हैं, आदमी नहीं मिला.' मामांनी फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेली. त्यांनी या वाक्याचा अर्थ काय लावला असेल, हे मी समजू शकतो. तुझे सतरा कॉल येऊन गेले. माझा फोन गाडीत बसल्यापासून मुका होता. त्याबद्दल मात्र मी खरोखर कान धरतो.

आम्ही परत आलो तर काठावर ही गर्दी! नदीत बोट, दोऱ्या, शिट्ट्या. कुणीतरी बिचारा गेला, असं खुणांनी कळलं. मीही अनवाणी उभा राहून त्याच्यासाठी हात जोडले. तेवढ्यात सिद्धू माझ्या कानाशी लागला, "गड्या, ते बूट तुजंच न्हवं?" तोवर त्या आजीबाईंची नजर माझ्या पायांवर गेली होती. त्या थरथरत आल्या, माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि तिथेच मला धरून रडल्या. मी पण रडलो. लाज कसली त्यात.

करार मोडतो की काय, परत पाठवतात की काय, या भीतीनं माझी पाचावर धारण बसली होती. पण पोलिसांनी फक्त माफीपत्र लिहून घेतलं, बोटवाल्यांनी उलट मलाच वाकून नमस्कार केला, आणि कारखान्याच्या साहेबांनी 'यापुढे नदीवर बूट घालून जाणे' एवढीच ताकीद दिली. आत्या, त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की काय सांगू. तेव्हा हे अक्षर ओळख, आणि चहाचं आधण ठेव.

तुझा (चालता-बोलता)
वीरधवल

ता. क. : नेलकटर घेतले. छत्रीला रंग कोणता हवा ते कळव. मागणं अजून संपलेलं नाही असं धरून चालतो.

आणखी ता. क. : खरं काम हे. त्या आजीबाईंना मी सहज पाण्यात उतरलो होतो हे काही पटत नाही. आपण एक जीव वाचवला, अशी त्यांची खात्री आहे. त्या पहिल्याच संध्याकाळी वसतिगृहावर डबा घेऊन आल्या, आणि आजही सकाळीच येऊन बसल्यात. मी डबा संपवेपर्यंत हलत नाहीत. तर तू त्यांना चार ओळी लिही, की हा पोरगा लहानपणापासून असाच येडा आहे, जीव देण्यातला नाही. भाषांतर मी करून घेईन.

शेवटचं : लिहायची घाई मात्र करू नकोस. अकरा महिन्यांत मी जेवलो का हे समोर बसून बघणारं त्यांच्याशिवाय इथे दुसरं कुणी भेटलेलं नाही.